दुसऱ्या खेपेचं भाडं

१९९८ च्या मार्चमध्ये आशिया-ओशनिया विभागाच्या अठरा वर्षांखालच्या मुलांच्या आइस हॉकी स्पर्धेत दक्षिण कोरियानं थायलंडला ९२-० असं हरवलं. छापण्यात चूक झालेली नाही; ब्याण्णव विरुद्ध शून्य. आइस हॉकीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा असतो. साठ मिनिटांत ब्याण्णव, म्हणजे सरासरी दर एकोणचाळीस सेकंदांना एक गोल. गोल झाला की ती काळी रबरी चकती, जिला पक म्हणतात, मधल्या वर्तुळात आणायची, पंचानं ती दोन खेळाडूंच्या मध्ये टाकायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कोरियाच्या सोंग डोंग-ह्वान या एकट्या पोरानं ३१ गोल केले. थायलंडची पोरं वेळ संपेपर्यंत बर्फावर होती.

हा आकडा कोल्हापुरात कुणालाही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला आहे: "मग गेलती कशाला?"

प्रश्न रांगडा असला तरी खोटा नाही. ज्या देशात बर्फ फक्त सरबताच्या गाडीवर दिसतो, त्यानं बर्फावरच्या खेळाचा राष्ट्रीय संघ काढायचा, त्यात मिसरूड न फुटलेली पोरं घालायची, आणि त्यांना परक्या गावात नेऊन अशी माती खायला लावायची, यात शहाणपण कोणतं? आपलं गाव तर विजयाचं भुकेलं. जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायला, हलगी लावायला, चौकात फलक उभा करायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हरून आलेला मात्र स्टँडवर उतरून गपचूप रिक्षा धरतो.

तरीही माझं म्हणणं असं, की त्या प्रश्नात चूक काळाची आहे. नवख्या देशाचा पोरांचा संघ पहिल्या खेपेला हरणारच. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. बोलायचं असेल तर दुसऱ्या खेपेविषयी बोलावं. त्यांना पुन्हा पाठवलं का? कुणी पाठवलं? भाडं कुणी भरलं? एखाद्या देशाला, किंवा एखाद्या गावाला, खेळ कळतो की नाही हे तिथं कळतं.

थायलंडनं त्या ब्याण्णवनंतर दुकान बंद केलं नाही. आज त्यांचा पुरुषांचा संघ जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या खालच्या विभागांत खेळतो. आणि ज्या कोरियानं ब्याण्णव घातले, त्या कोरियाचं पुढं काय झालं? २०१८ मध्ये प्योंगचांगला त्यांच्या घरच्याच हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांचा पुरुष संघ चारही सामने हरला. त्यांतला स्वित्झर्लंडविरुद्धचा ०-८. म्हणजे ब्याण्णव गोल घालणाऱ्यालाही आठ घालणारा कुणीतरी वर बसलेला असतो. या खेळात मोठे आकडे ही काही नवलाई नाही. २००८ मध्ये ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत स्लोव्हाकियाच्या बायकांनी बल्गेरियाच्या बायकांना ८२-० असं हरवलं, तेही युरोपात, जिथं बर्फाची काही वानवा नाही.

आता आपल्या घरात येऊ.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. खाशाबा तेव्हा राजाराम कॉलेजचे, बावीस वर्षांचे. तोवरची त्यांची सगळी कुस्ती लाल मातीतली. मातीत पाय रुततो, पकड वेगळी बसते, घाम आणि माती मिळून अंगाला एक खरखर येते, आणि कुस्ती निकाली असेल तर पाठ लागेपर्यंत चालते. लंडनला समोर मॅट. घड्याळ लावून कुस्ती, गुणांची कुस्ती, आणि पाय कुठंच रुतत नाही. या परक्या पृष्ठभागावर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं तिथं त्यांना थोडंफार शिकवलं. पदक नाही. त्या दिवशी गावात कुणी विचारलं असतं, "मग गेलता कशाला?", तर उत्तर द्यायला खाशाबांकडे फक्त एक सहावा क्रमांक होता.

चार वर्षांनी हेलसिंकीचं ऑलिंपिक आलं, आणि इथं कोल्हापूरनं जे केलं ते जिंकलेल्याला खांद्यावर घेण्यापेक्षा फार मोठं आहे. सरकारनं पुरेसा हात दिला नाही. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बाकी पैसे लोकांनी वर्गणीतून जमवले. लक्षात घ्या, हे पैसे एका विजेत्यावर लावलेले नव्हते. चार वर्षांपूर्वी सहाव्या आलेल्या माणसावर लावलेले होते. प्राचार्यानं घर गहाण टाकलं ते हरलेल्या विद्यार्थ्यासाठी.

हेलसिंकीत २३ जुलै १९५२ ला खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथली एक बारीक गोष्ट मला पदकाइतकीच महत्त्वाची वाटते. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये नियमानं मिळायला हवी ती विश्रांती मिळाली नाही, आणि हरकत घ्यायला मॅटजवळ भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. नवख्या देशाचा संघ परदेशी जातो तेव्हा सोबत ब्लेझर घातलेली माणसं असतात. ती नेमकी गरजेच्या वेळी कुठं असतात, हा प्रश्न १९५२ पासून पडून आहे.

परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेतली आणि प्राचार्यांचं कर्ज फेडलं. त्यांच्या स्वागताच्या मिरवणुकीतल्या बैलगाड्यांची गोष्ट आपण दर वर्षी सांगतो. गहाणखताची गोष्ट सांगतो, पण ती एका थोर माणसाचा त्याग म्हणून. मी तिच्याकडे धोरण म्हणून बघतो. १९४८ नसतं तर १९५२ नव्हतं, आणि या दोहोंमधला सांधा म्हणजे ते सात हजार रुपये.

असं म्हणता येईल, की हे कोल्हापूरला जमलं कारण इथल्या कुस्तीत हरणाऱ्याचा विचार आधीपासून होता. राजर्षी शाहूंनी खासबागेचं मैदान उभं केलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं. त्याच्या आजूबाजूला तालमींचं जाळं होतं, वस्ताद होते, खुराकाची सोय होती. तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला मुद्दाम जड पठ्ठ्याला लावतो. पोरगं रोज पडतं. पडल्यावर अंगाची माती झटकायची आणि पुन्हा हात मिळवायचा. त्याबद्दल कुणी हसत नाही, कारण प्रत्येकजण तिथूनच वर आलेला असतो. मैदानात जोड ठरते तेव्हा पडणाऱ्याच्या हातावरही काही ना काही रक्कम पडते. विजेता फेरी मारून इनाम गोळा करतो हे आपल्याला दिसतं. पण हरलेला मल्ल पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मैदानात येऊ शकतो, तो त्या दुसऱ्या, न दिसणाऱ्या रकमेवर. दूध-बदामाचा खर्च जिंकणाऱ्याला जेवढा, तेवढाच हरणाऱ्यालाही असतो.

म्हणून ९२-० ऐकल्यावर हसू यायच्या आत कोल्हापूरकराच्या डोक्यात तालीम यायला हवी. ती येत नाही, कारण बर्फ आपल्याला परका आहे. पण बर्फ आपल्या देशाला परका नाही.

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. थंडीत तिथं तळी गोठतात, आणि जिथं तळं नाही तिथं माणसं रात्री मैदानावर पाणी सोडतात. सकाळपर्यंत त्याचा बर्फ होतो. हा बर्फ टिकतो जेमतेम दोन महिने. तोही गुळगुळीत नसतो. कुठं तडा, कुठं गोठलेला फुगवटा, कुठं खालची माती वर आलेली. सैन्यातल्या जवानांनी सुरुवातीला बुटांना लोखंडी पाती ठोकून स्केट्स केल्या, तिथून हा खेळ लडाखमध्ये मुरला. भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला १९८९ मध्ये. पुरुषांचा संघ पहिल्यांदा आशियाई चॅलेंज कपला उतरला २००९ मध्ये, अबू धाबीत. सदस्यत्व आणि पहिला सामना यांच्यात वीस वर्षं. एक मूल जन्मून, खेळ शिकून, त्या खेळाच्या कनिष्ठ वयोगटातून बाहेरही पडलं असेल एवढा काळ!

मुलींची कथा जास्त बोलकी आहे. लडाखमधल्या या मुलींनी भावांच्या स्केट्स उसन्या घेऊन, मुलांचा खेळ आटोपल्यावर मिळेल त्या वेळात खेळून संघ उभा केला. त्यांची गोलरक्षक नूर जहाँ ही पेशानं जुन्या चित्रांची आणि थांग्कांची, म्हणजे कापडावरच्या बौद्ध चित्रांची, डागडुजी करणारी. दिवसा ब्रश घेऊन रंगाचा एकेक पापुद्रा सांभाळायचा, आणि संध्याकाळी दीडशे ग्रॅमहून जड असा कडक रबरी पक अंगावर घ्यायचा. संघाला सरावासाठी देशात धड मैदान नव्हतं. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठं बंदिस्त बर्फाचं मैदान बांधलं होतं. स्पर्धा झाली आणि ते वर्षानुवर्षं बंद राहिलं. मग या मुली गुरुग्रामच्या एका मॉलमधल्या, पूर्ण मापाच्याही नसलेल्या रिंकवर सराव करायच्या. खाली खरेदीची गर्दी, वर भारताचा राष्ट्रीय संघ.

२०१६ मध्ये त्या तैपेईला आशियाई चॅलेंज कपला गेल्या आणि एकही सामना जिंकल्या नाहीत. झालं, इथं तो कोल्हापुरी प्रश्न. पण दुसऱ्या खेपेसाठी त्यांनी जाहीर वर्गणी काढली, आणि देशभरातल्या अनोळखी लोकांनी पैसे पाठवले. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपाइन्सला ४-३ असं हरवलं. भारतीय मुलींचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्यानंतर आठ वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, अल ऐनला झालेल्या आशिया कपमध्ये भारताला कांस्यपदक मिळालं.

१९५२ ची कोल्हापूरची वर्गणी आणि २०१७ ची लडाखची वर्गणी यांत पासष्ट वर्षांचं अंतर आहे. हे वाचून ऊर भरून येण्याऐवजी मला राग येतो. पासष्ट वर्षांत आपण कितीतरी महामंडळं, अभियानं, योजना काढल्या, पण हरून आलेल्या पोरांना पुन्हा पाठवायची पावती अजून लोकांनीच फाडायची असते.

इथं एक जबर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. माझ्या ओळखीचे, खेळात आयुष्य घालवलेले लोकच तो घेतात. त्यांचं म्हणणं: राष्ट्रीय संघ हा कळस आहे, आधी पाया भरा. शाळेला मैदान नाही, पीटीचा तास गणिताला जातो, आणि तुम्ही वीस पोरांना विमानानं कुठं पाठवून हरवून आणताय. त्या पैशात शंभर शाळांना चेंडू येतील.

निम्मं खरं आहे. खाली काहीच नसताना वर संघ काढणं म्हणजे अधिकाऱ्यांची सहल. असे संघ आपल्याकडे निघाले आहेत, निघतील. पण "आधी पाया" म्हणणाऱ्यांना मी शाहू स्टेडियमवर घेऊन जाईन. पाया म्हणतात तो तिथं आहे ना? कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. ज्या तालमी कुस्तीसाठी निघाल्या त्यांनीच फुटबॉलचे संघ काढले: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. सामन्याला पायऱ्या भरतात, पेठा-पेठांत ईर्षा पेटते, कधी दगडही पडतात आणि सामना थांबतो. विश्वचषक आला की चौकाचौकात अर्जेंटिना-ब्राझीलचे कटआउट आमदारांच्या कटआउटपेक्षा उंच होतात. संघ परदेशी खेळाडू हंगामापुरते आणतात. म्हणजे हौस आहे, पैसा आहे, प्रेक्षक आहे, परंपरा आहे. एवढ्या पायावर आजवर कळस किती चढले? देशाच्या पातळीवर पोचलेली नावं मोजायला दोन्ही हातांची बोटं लागत नाहीत. पाया आपोआप वर चढत नाही. मधला जिना कुणीतरी बांधावा लागतो.

अनिकेत जाधव त्या जिन्यानं चढला, पण तो जिना कोल्हापुरात नव्हता. रिक्षाचालकाचा हा मुलगा लहान वयातच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथून भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघात पोचला. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालचा फुटबॉल विश्वचषक झाला. यजमान म्हणून आपल्याला प्रवेश फुकट मिळाला होता, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. एकवीस जणांच्या त्या संघात मणिपूरचीच आठ पोरं होती, अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता, आणि कोल्हापूरचा अनिकेत. दिल्लीत ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ ला कोलंबियाकडून १-२, १२ ला घानाकडून ०-४.

कोलंबियाच्या सामन्याचं बघा. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं डोक्यानं गोल केला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. बरोबरी झाली, स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं, आमची पोरं आनंदात. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल करून सामना परत घेतला. तिथं त्या वयाच्या पोरांना जे कळलं ते कोणत्याही शिबिरात शिकवता येत नाही: गोल केल्यानंतरचं एक मिनिट हे गोल खाल्ल्यानंतरच्या मिनिटापेक्षा धोक्याचं असतं. खाशाबांना लंडनला मॅट कळली, तसंच हे.

पण आता कनिष्ठ संघाचा खरा पेच समोर येतो, आणि माझ्या "दुसऱ्या खेपे"च्या म्हणण्याला तो अडचणीचा आहे. खाशाबा १९४८ ला हरले आणि १९५२ ला तेच खाशाबा गेले. सतरा वर्षांखालच्या संघाला दुसरी खेप कधीच नसते. दोन वर्षांनी ती पोरं एकोणीसची होतात. संघाचं नाव तेच राहतं, माणसं सगळी बदलतात. मग जे शिकलं ते कुणाकडे गेलं? थायलंडची ती पोरं आज चाळिशी ओलांडून गेली असतील. त्यांच्यासाठी पुन्हा तो सामना होणार नव्हता.

म्हणून कनिष्ठ संघाची दुसरी खेप दोन वाटांनी द्यावी लागते. एक, त्याच पोरांना एकत्र ठेवून मोठ्यांच्या खेळात उतरवायचं. दोन, त्यांच्या धाकट्या भावंडांना पुढच्याच वर्षी त्याच पातळीवर पाठवायचं. २०१७ नंतर आपण पहिली वाट धरली, ही गोष्ट कबूल करायला हवी. विश्वचषकातली बरीचशी पोरं घेऊन 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. विश्वचषक संपून महिना होतो न होतो तोच, नोव्हेंबरच्या अखेरीस, या पोरांनी पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला ३-० असं हरवलं. त्यांतले दोन गोल आपल्या अनिकेतचे. पुढं तो ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला जाऊन आला, आणि २०२२ मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. जॅक्सन, अन्वर अली, रहीम अली वरिष्ठ भारतीय संघात गेले. ज्या पोरांनी तीन सामन्यांत नऊ गोल खाल्ले होते, त्यांच्यातूनच हे निघाले.

आणि त्या ॲरोजचं काय झालं? २०२२ मध्ये बंद. याआधीही तो संघ एकदा, २०१० ला निघून, २०१३ ला बंद झाला होता. म्हणजे उपाय सापडतो, लागू पडतो, आणि दोनदा बासनात जातो. त्याच विश्वचषकाच्या तोंडावर महाराष्ट्र सरकारनं १५ सप्टेंबर २०१७ ला 'मिशन वन मिलियन' केलं: राज्यभर दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळायचा. खेळलेही. फोटो चांगले आले. १६ सप्टेंबरला काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मुलींच्या बाबतीत तर आकडे आणखी बोचरे होते. २०२२ च्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचे यजमान पुन्हा आपणच. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. तेव्हा "मग उतरवल्या कशाला?" हे मराठीतही बरंच लिहिलं-बोललं गेलं. २०२५ मध्ये भारताच्या वीस वर्षांखालच्या मुली दोन दशकांनंतर आशियाई स्पर्धेला पात्र ठरल्या, आणि सतरा वर्षांखालच्या मुलीही पात्रता फेरी खेळून, यजमानपणाच्या मेहेरबानीशिवाय पोचल्या. सोळा गोलांनी कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं नाही. मोठ्या पराभवानं पोरं खचतात, ही काळजी मला बहुतेक वेळा मोठ्यांचीच वाटते. पोरं खचतात ती हरल्यावर फोन यायचा थांबतो तेव्हा.

यात नशिबाचा, स्वभावाचा भाग असतोच. आपल्याच जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे बघा. तोही क्रीडा प्रबोधिनीचा, नाशिकच्या. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत पुढं होता, एक गोळी ७.६ वर गेली, आणि पुन्हा चौथा. चौथ्याचं दुःख सहाव्यापेक्षा जास्त असतं. पण त्याच्या मागं रेल्वेची नोकरी होती, प्रशिक्षक होती, गोळ्यांचा खर्च भागत होता. तो तिसऱ्यांदा उभा राहू शकला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला कांस्य. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूनं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवायला बहात्तर वर्षं लागली, आणि दोन्ही पदकांची वाट कोल्हापूरवरून गेली. गावाच्या पाण्यात काही असेल तर असो. मला दोघांच्या मागं फक्त एवढं दिसतं, की न जिंकता परतल्यावर त्यांची सोय तुटली नाही. खाशाबांची लोकांनी लावली, स्वप्नीलची व्यवस्थेनं. दुसरी पद्धत अर्थातच चांगली, कारण प्रत्येक पोराला घर गहाण टाकणारा प्राचार्य भेटत नाही.

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरनं आइस हॉकीचं काय करायचं? काहीच नाही. कळंब्यात बर्फ पडणार नाही. पण लडाखच्या पोरांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेळेचा हिशेब. त्यांना दोन महिने बर्फ मिळतो, म्हणून त्या दोन महिन्यांत कुणाला कधी मैदान मिळणार यावर तिथं भांडणं होतात, आणि मुलींनी आपला वाटा भांडून मिळवला. आपल्याकडे मैदान बारा महिने आहे, आणि त्यात पंधरा वर्षांच्या पोराला सामना खेळायला कधी मिळणार हे विचारायला कुणी भांडत नाही. मोठ्यांच्या सामन्यांच्या फटीत जी वेळ उरते ती पोरांची. शहरातला सगळ्यांत चांगला चौदा वर्षांचा फुटबॉलपटू कोण, हे पेठेतल्या किती जणांना ठाऊक आहे? परदेशातून आलेल्या स्ट्रायकरचं नाव सगळ्यांना पाठ असतं.

परदेशी खेळाडू आणू नका असं मी म्हणत नाही. चांगल्या खेळाडूसमोर खेळल्याशिवाय आपली पोरं वाढणार नाहीत, हेच तर मी वर सांगत आलो. पण तो येतो, हंगाम खेळतो, जातो, आणि त्याच्यासमोर उभं राहायची संधी आपल्या कोवळ्या पोरांना मिळत नाही, तोवर तो खर्च फक्त गुणतक्त्यावर दिसणार.

तेव्हा पेठांतल्या मंडळांना आणि तालमींच्या कारभाऱ्यांना एक मागणं आहे. हंगामाचं अंदाजपत्रक तुम्ही मांडता. त्यात जर्सी असते, खेळाडूंचं मानधन असतं, विजयी मिरवणुकीचा गुलाल आणि डॉल्बीही धरलेली असते. त्यात आणखी एक खर्च धरा: राज्याच्या किंवा देशाच्या निवड चाचणीला जाऊन हात हलवत परत आलेल्या आपल्या पोरा-पोरींचं पुढच्या वर्षीचं भाडं, राहणं आणि बूट. दोन जणांचं जमलं तर दोन, एकाचं जमलं तर एक. कुणाचं भाडं भरायचं ते गेल्या वर्षी कोण हरून आलं ते बघून ठरवा, आणि यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्या पोराच्या घरी जाऊन सांगा.